पुसण्याआधीचा प्रश्न: वेब ॲप्लिकेशनमध्ये कन्फर्मेशन डायलॉग कुठे आणि कसा बसवावा

‘डिलीट’च्या बटणाआधी ‘तुम्हाला खात्री आहे का?’ असे विचारणे हे एका ओळीचे काम आहे, आणि म्हणूनच बहुतेक ठिकाणी ते फारसा विचार न करता उरकलेले असते. असा प्रश्न दिवसभरात वारंवार समोर आला की माणूस तो वाचणे सोडतो आणि बोट सवयीने ‘ओके’वर जाते. त्यामुळे हा प्रश्न विचारणारी चौकट, म्हणजे डायलॉग, किती ठिकाणी बसवला यापेक्षा किती ठिकाणी टाळला, यावरच त्याचा उपयोग ठरतो. जी चूक दुरुस्त करता येते तिच्यासाठी प्रश्न विचारू नये, दुरुस्तीची सोय द्यावी. आणि जिला दुरुस्ती नाही तिथे प्रश्न असा विचारावा की तो वाचल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

उदाहरणासाठी कोल्हापूरच्या मार्केट यार्डातील गुळाच्या अडत दुकानाचे हिशोबाचे ॲप्लिकेशन घेऊ. गुऱ्हाळावरून आलेला गूळ दुकानात उतरतो, रव्यांची, म्हणजे गुळाच्या ढेपांची, थप्पी लागते, सौदा होतो, वजन होते आणि हमाली, तोलाई व शेतकऱ्याने आधी घेतलेली उचल वजा करून दिवाणजी पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या रकमेचा हिशोब, तयार करतात. ऐन हंगामात समोर शेतकरी उभा असतो, बाजूला फोन वाजत असतो आणि पुढची पट्टी खोळंबलेली असते. आपला डायलॉग अशा माणसासमोर उघडणार आहे, हे गृहीत धरूनच पुढची प्रत्येक पायरी आखली आहे.

पायरी १: कृतींची यादी आणि वर्गवारी

कोड लिहिण्याआधी ॲप्लिकेशनमधील अशा सर्व कृतींची यादी करावी ज्यांच्यामुळे काही पुसले जाते, बदलले जाते किंवा बाहेर पाठवले जाते. तिसरा प्रकार हमखास विसरला जातो. शेतकऱ्याला गेलेला एसएमएस किंवा बँकेत गेलेली रक्कम डेटाबेसमधून काहीच पुसत नाही, तरीही ती परत येत नाही.

यादी झाली की प्रत्येक कृतीपुढे एकच गोष्ट लिहावी: चुकून झाली तर दिवाणजी ती स्वतः, कोणालाही फोन न करता, परत फिरवू शकतील का? अर्धवट पट्टीचा मसुदा टाकून देणे, यादीतला स्तंभ लपवणे, फिल्टर काढणे यांसाठी काहीही विचारू नये. खरेदीदाराचे नाव किंवा वजनाची एखादी नोंद पुसणे यासाठी ‘परत आणा’ची सोय पुरते. हिशोबात धरली गेलेली पट्टी मात्र पुसण्याची वस्तूच नाही. तिथे उलट नोंद करून नवी पट्टी करावी, जशी ती चोपडीतही केली जाते. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीसाठी हिशोबाचे सॉफ्टवेअर करत असाल, तर हा नुसता शिस्तीचा प्रश्न राहत नाही: १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी वापरायच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा आणि बंद करता न येणारा ऑडिट ट्रेल असणे बंधनकारक आहे.

एवढी चाळणी लावल्यावर जे उरते ते थोडेच असते: जुन्या हंगामाचा डेटा कायमचा काढणे, रक्कम पाठवणे, सर्व शेतकऱ्यांना एकगठ्ठा संदेश पाठवणे, एखाद्या वापरकर्त्याचे खाते समूळ काढणे. डायलॉग यांच्यासाठी राखून ठेवावा.

पायरी २: आधी ‘परत आणा’, मग प्रश्न

१३ जानेवारी २०१८ रोजी हवाईमध्ये क्षेपणास्त्र येत असल्याचा खोटा इशारा लोकांच्या मोबाइलवर गेला, तेव्हा स्क्रीनने खात्रीचा प्रश्न विचारला होता आणि कर्मचाऱ्याने होकार दिला होता, कारण त्याला तो हल्ला खराच वाटत होता. चुकीची दुरुस्ती करणारा संदेश जायला मात्र ३८ मिनिटे लागली, कारण तसा संदेश आधी तयारच ठेवलेला नव्हता. ज्याची खात्री पटलेली आहे त्याला खात्री विचारून काही साधत नाही. त्याच्यासाठी परतीची वाट तयार ठेवावी लागते.

नोंदींसाठी ही वाट म्हणजे तात्पुरते पुसणे. तक्त्यात ‘पुसल्याची वेळ’ आणि ‘कोणी पुसले’ असे दोन स्तंभ वाढवावेत. पुसताना ओळ न काढता त्यात वेळ भरावी आणि सर्व याद्यांमधून अशा ओळी वगळाव्यात. दोन अडचणी इथे हमखास येतात. पहिली, एखाद्या अहवालाच्या क्वेरीत वगळण्याची अट घालायची राहते आणि पुसलेले वजन बेरजेत मिळते. म्हणून मूळ तक्त्याऐवजी फक्त चालू ओळी दाखवणारा व्ह्यू तयार करून सर्व अहवाल त्यावरच चालवावेत. दुसरी, पावती क्रमांकावर युनिक इंडेक्स (तोच क्रमांक दोनदा येऊ न देणारी अट) असेल तर पुसलेल्या पावतीचा क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये फक्त न पुसलेल्या ओळींपुरता, अटीसह युनिक इंडेक्स करता येतो. मायएसक्यूएलमध्ये अशी थेट सोय नाही, त्यामुळे वेगळी रचना करावी लागते. क्रमांक पुन्हा वापरू द्यायचाच नसेल, जे हिशोबात बहुधा योग्य असते, तर हा प्रश्नच मिटतो.

पुसल्यानंतर स्क्रीनच्या तळाशी ‘वजनाची नोंद पुसली. परत आणा’ अशी सूचना काही सेकंद दाखवावी. तेवढ्यावर भागत नाही. चूक पुष्कळदा संध्याकाळी हिशोब जुळवताना लक्षात येते, म्हणून ‘पुसलेल्या नोंदी’ असे स्वतंत्र पानही द्यावे. जीमेलच्या कचरापेटीतली पत्रे ३० दिवस राहतात. दुकानाच्या हिशोबाला हंगामाचे माप अधिक सोयीचे पडते.

बाहेर जाणाऱ्या संदेशाला हीच युक्ती थोड्या फरकाने लागू होते. जीमेलमध्ये पाठवलेले पत्र मागे घेता येते ते पत्र परत बोलावून नव्हे, तर निवडीप्रमाणे ५, १०, २० किंवा ३० सेकंद ते रोखून धरल्यामुळे. एसएमएसही रांगेत टाकून थोड्या विलंबाने पाठवावा आणि तेवढा वेळ ‘थांबवा’चे बटण चालू ठेवावे.

पायरी ३: पुसण्याची विनंती साध्या लिंकवर ठेवू नये

गेट पद्धतीच्या, म्हणजे नुसते पान मागवणाऱ्या, विनंतीने सर्व्हरवर काहीही बदलू नये, हा ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या संवादाचा, म्हणजे एचटीटीपीचा, जुना नियम आहे. तो मोडला तर डायलॉग कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. २००५ मध्ये गूगलने वेब ॲक्सिलरेटर नावाचे साधन आणले. ते पानावरच्या लिंका वापरकर्त्याने दाबण्याआधीच मागे उघडून ठेवत असे. ज्या ॲप्लिकेशनमध्ये ‘डिलीट’ ही साधी लिंक होती तिथे नोंदी आपोआप पुसल्या जाऊ लागल्या. जावास्क्रिप्टने विचारलेला प्रश्न त्याला आडवा आला नाही, कारण लिंक कोणी दाबलीच नव्हती. पुसण्यासाठी पोस्ट किंवा डिलीट पद्धत वापरावी आणि सोबत सीएसआरएफ टोकन, म्हणजे विनंती आपल्याच पानावरून आल्याची खूण, तपासावे.

पायरी ४: प्रश्नाची भाषा

ऑगस्ट २०२० मध्ये सिटीबँकेला एका कर्जाचे सुमारे ७८ लाख डॉलर व्याज पाठवायचे होते, आणि प्रत्यक्षात जवळपास ९० कोटी डॉलर गेले. तीन जणांनी तो व्यवहार तपासून मंजूर केला होता. सॉफ्टवेअरने इशाराही दिला होता की पैसे बँकेबाहेर जातील, पुढे जायचे का? पण किती पैसे जातील, हे त्या इशाऱ्यात नव्हते. पैसे बाहेर जाणार हे तर सर्वांना ठाऊकच होते; जो आकडा पाहून कोणी दचकला असता तोच स्क्रीनवर आला नाही.

म्हणून डायलॉगमध्ये वापरकर्त्याला माहीत असलेली कृती पुन्हा सांगू नये, त्याला कदाचित माहीत नसलेला परिणाम सांगावा. ‘तुम्हाला खात्री आहे का? ही कृती पूर्ववत करता येणार नाही.’ हे वाक्य कोणत्याही ॲप्लिकेशनमध्ये चिकटवता येते, आणि म्हणूनच ते कोणी वाचत नाही. त्याऐवजी असे लिहावे:

‘२०१९-२० हंगामाच्या वजनाच्या नोंदी कायमच्या पुसायच्या? यात ३,४१२ वजने आणि २६८ शेतकऱ्यांचे तपशील आहेत. ७ शेतकऱ्यांची उचल अजून वसूल व्हायची आहे; तिचा हिशोब यानंतर दिसणार नाही.’

यातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. हे आकडे डायलॉग उघडताना सर्व्हरकडून ताजे आणावेत; पानावर आधीच असलेल्या आकड्यांवर विसंबू नये. त्यासाठी ‘पुसले तर काय काय जाईल’ एवढेच मोजून सांगणारा स्वतंत्र मार्ग सर्व्हरवर लिहावा, आणि पुसताना जे संबंधित तक्ते कॅस्केडने, म्हणजे मूळ नोंदीपाठोपाठ आपोआप, रिकामे होतात ते सर्व या मोजणीत धरावेत. मोजणी आणि पुसणे यांचे कोड वेगवेगळे लिहिले की वर्षभरात त्यांची फारकत होते, म्हणून दोन्हींनी संबंधित तक्त्यांची एकच यादी वापरावी.

बटणांवर ‘ओके’ आणि ‘कॅन्सल’ लिहू नये. मराठी इंटरफेसमध्ये तर ‘ही पट्टी रद्द करायची का?’ या प्रश्नाखाली ‘रद्द करा’ असे बटण सर्रास दिसते, आणि ते दाबल्यावर पट्टी रद्द होणार की प्रश्न, हे कोणालाच सांगता येत नाही. बटणावर पूर्ण क्रिया लिहावी: ‘नोंदी पुसा’ आणि ‘राहू द्या’. बटणे वाचूनच निर्णय कळला पाहिजे, कारण घाईत वरचा मजकूर वाचला नाही तरी निदान बटण वाचले जाते. पुसण्याच्या बटणाला लाल रंग द्यायला हरकत नाही, पण अर्थ केवळ रंगावर सोडू नये. सर्वांनाच लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत.

पायरी ५: डायलॉगची बांधणी

ब्राउझरचे तयार कन्फर्म फंक्शन मोहात पाडते, पण त्याच्या बटणांवरचे शब्द बदलता येत नाहीत, ते खुले असताना पानावरची स्क्रिप्ट थांबून राहते आणि काही ब्राउझर वापरकर्त्याला असे डायलॉग बंद करून टाकण्याचा पर्यायही देतात. आता एचटीएमएलचा डायलॉग टॅग वापरावा. क्रोममध्ये तो २०१४ पासून आहे, आणि मार्च २०२२ मध्ये फायरफॉक्स व सफारीतही आला, त्यामुळे त्यासाठी वेगळी लायब्ररी आणण्याची गरज उरलेली नाही. शो-मोडल पद्धतीने उघडला की मागचे पान निष्क्रिय होते, एस्केप दाबल्यावर डायलॉग मिटतो आणि फोकस (कीबोर्डची कळ ज्या घटकाला लागू होते ती जागा) पूर्वीच्या बटणावर परत जातो. या तिन्ही गोष्टी हाताने लिहायला गेल्यास बरेच कष्ट पडतात.

उघडल्यावर फोकस आतल्या पहिल्या घटकावर जातो. तो योगायोगावर न सोडता ‘राहू द्या’ या बटणाला ऑटोफोकस द्यावा, म्हणजे सवयीने दाबलेल्या एंटरने नुकसान होणार नाही. डायलॉगला अलर्टडायलॉग ही भूमिका द्यावी आणि शीर्षक व परिणामाचा मजकूर एरिया-लेबल्डबाय व एरिया-डिस्क्राइब्डबाय या गुणधर्मांनी जोडावा, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर तो आपणहून वाचतो. कायदेशीर, आर्थिक आणि डेटा बदलणाऱ्या कृती परत फिरवता येणाऱ्या, तपासल्या जाणाऱ्या किंवा खातरजमा करून घेणाऱ्या असाव्यात, असा निकष डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून आहे. या तिन्हींपैकी एक पुरे असते आणि त्यात परत फिरवणे हे पहिले सांगितले आहे.

आता दोन खोड्या, ज्या कोडमध्ये सहज दिसत नाहीत. पहिली रिटर्न-व्हॅल्यूची. डायलॉगमधल्या दाबलेल्या बटणाला दिलेले मूल्य डायलॉग मिटल्यावर रिटर्न-व्हॅल्यू या गुणधर्मात राहते आणि पुढच्या वेळी उघडताना ते आपोआप कोरे होत नाही. दिवाणजींनी एक नोंद ‘पुसा’ म्हणून पुसली, मग दुसऱ्या नोंदीवर तोच डायलॉग उघडला आणि एस्केप दाबून मिटवला, तर रिटर्न-व्हॅल्यूत अजून ‘पुसा’च असते, आणि क्लोज इव्हेंटवर ती वाचून काम करणारा कोड दुसरी नोंदही पुसून मोकळा होतो. उपाय एका ओळीचा आहे: प्रत्येक वेळी शो-मोडलच्या आधी रिटर्न-व्हॅल्यू रिकामी करावी.

दुसरी खोडी लिसनरची, म्हणजे बटण दाबल्यावर चालणाऱ्या कोडची. एकच डायलॉग सर्व ओळींसाठी वापरताना, उघडण्याच्या फंक्शनमध्येच ‘पुसा’ बटणाला नवा लिसनर जोडला जातो. ४१६ क्रमांकाच्या ओळीवर डायलॉग उघडून ‘राहू द्या’ म्हटले, मग ४१७ वर उघडून ‘पुसा’ म्हटले, तर दोन्ही लिसनर जागे होतात आणि जिला राहू द्या म्हटले होते तीही जाते. लिसनर एकदाच जोडावा आणि कोणती नोंद पुसायची ते डायलॉगवरच एका ठिकाणी साठवावे, किंवा डायलॉग मिटताच लिसनर काढून टाकावा. ‘एकदाच चालणारा’ लिसनर इथे पुरत नाही, कारण ‘राहू द्या’ म्हटल्यावर तो चाललेलाच नसतो.

‘पुसा’ दाबल्यावर डायलॉग लगेच मिटवू नये. बटण निष्क्रिय करून ‘पुसत आहे…’ असे दाखवावे, सर्व्हरचे उत्तर आल्यावरच मिटवावे आणि नेटवर्क तुटल्यास त्याच डायलॉगमध्ये तसे सांगावे. मोबाइलवर दोन्ही बटणे अंगठ्याच्या टप्प्यात पण एकमेकांना खेटून नसावीत.

पायरी ६: लिहून घेतलेली खातरजमा

सर्वांत गंभीर कृतीसाठी काही ठिकाणी नाव टाइप करून घेतात. कोड साठवण्याच्या गिटहब या संकेतस्थळावर रिपॉझिटरी (एका प्रकल्पाचा कोडसंग्रह) काढताना तिचे नाव लिहावे लागते. ही पद्धत देवनागरीत आणताना मात्र एक खड्डा आहे. ‘शेतकऱ्यांची यादी’ हे शब्द दिवाणजींनी अचूक टाइप केले तरी संगणकाला ते वेगळे वाटू शकतात, कारण ‘ऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो: एका कीबोर्डवर ऱ आणि हलन्त असा, दुसऱ्यावर र, हलन्त आणि न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर असा. डोळ्यांना दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. युनिकोडच्या एनएफसी नॉर्मलायझेशनने, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याच्या प्रक्रियेने, र आणि नुक्ता (अक्षराखालचा बिंदू) यांचा ऱ होतो, पण जॉइनरवाले रूप तसेच राहते. ते तुलनेआधी आपल्याला बदलून घ्यावे लागते. शब्दांमधली दुहेरी मोकळी जागा आणि शेवटी चुकून पडलेली स्पेस हेही काढावे.

नावाऐवजी हंगामाचे वर्ष किंवा नोंदींची संख्या लिहायला सांगणे अधिक सोपे पडते. ‘पुसायच्या नोंदींची संख्या लिहा’ म्हटले की माणसाला ती संख्या वाचावी लागतेच. देवनागरी आणि रोमन दोन्ही अंक चालू द्यावेत, आणि ३,४१२ मधल्या स्वल्पविरामावरून कोणाला अडवू नये. मजकूर चिकटवता येऊ नये म्हणून पेस्ट बंद करण्याचा खटाटोप करू नये. आवाजाने किंवा सहाय्यक साधनाने लिहिणाऱ्यांची त्यात अडचण होते.

पायरी ७: सर्व्हरने डायलॉगवर विश्वास ठेवू नये

डायलॉग हा माणसासाठी आहे, सुरक्षेसाठी नाही. विनंती थेटही पाठवता येते, त्यामुळे ही नोंद पुसण्याचा अधिकार या वापरकर्त्याला आहे का, हे सर्व्हरने पुन्हा तपासावे.

डायलॉग उघडा असताना दुसऱ्या काउंटरवरून नोंद बदललेली असू शकते. मोजणीसोबत नोंदीचा आवृत्ती क्रमांक पाठवावा, पुसण्याच्या विनंतीत तो परत घ्यावा आणि जुळला नाही तर ४०९ हा स्टेटस (माहिती जुळत नसल्याचा सर्व्हरचा संकेत) देऊन डायलॉगमध्ये नवे आकडे दाखवावेत. जी व्यक्ती २६८ शेतकऱ्यांना ‘होय’ म्हणाली तिने २७१ जणांना ‘होय’ म्हटलेले नाही.

रक्कम किंवा संदेश पाठवताना प्रत्येक डायलॉगसाठी एक अद्वितीय किल्ली तयार करावी आणि तीच किल्ली दुसऱ्यांदा आली तर नवीन व्यवहार न करता पहिलेच उत्तर परत द्यावे; बटण निष्क्रिय केले तरी नेटवर्क तुटल्यावर ब्राउझर किंवा माणूस पुन्हा प्रयत्न करतोच. संबंधित तक्त्यांतले पुसणे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सर्व तरी होईल नाहीतर काहीच होणार नाही अशा रीतीने, करावे आणि कोणी, केव्हा, काय पुसले याची नोंद वेगळ्या तक्त्यात ठेवावी.

पायरी ८: एकगठ्ठा निवड

‘सर्व निवडा’ या चौकटीत अनेक घोटाळे दडलेले असतात. पानावर २५ ओळी दिसत असताना ‘सर्व’ म्हणजे या २५ की फिल्टरमध्ये बसणाऱ्या सर्व १,९०० हे स्क्रीनवर स्पष्ट लिहावे. फिल्टर बदलल्यावर, आता न दिसणाऱ्या ओळी निवडलेल्याच ठेवायच्या असतील तर डायलॉगमध्ये ‘यातल्या ११ ओळी सध्या स्क्रीनवर दिसत नाहीत’ असे सांगावे. माझ्या मते त्या निवडीतून सरळ काढून टाकणे बरे.

पायरी ९: चाचणी आणि मोजमाप

स्वयंचलित चाचण्यांची साधने ब्राउझरच्या मूळ डायलॉगला परस्परविरुद्ध वागवतात: प्लेराइट काही सांगितले नाही तर नकार देते, सायप्रेस होकार देते. त्यामुळे जुन्या कन्फर्मवरून नव्या डायलॉगवर येताना चाचण्या पुन्हा वाचून काढाव्यात. हाताने तपासायचे प्रसंग असे: पुसून झाल्यावर दुसऱ्या ओळीवर उघडून एस्केप दाबणे, एका ओळीवर नकार आणि दुसरीवर होकार, ‘पुसा’ दोनदा भराभर दाबणे, मधेच इंटरनेट बंद करणे, आणि दोन ब्राउझरमध्ये एकाच नोंदीवर डायलॉग उघडणे.

ॲप्लिकेशन वापरात आल्यावर प्रत्येक डायलॉगसाठी होकार, नकार आणि उघडल्यापासून बटण दाबेपर्यंतचा वेळ नोंदवावा. जिथे नकार जवळपास येतच नाही आणि होकार क्षणार्धात येतो, तिथे प्रश्न वाचला जात नाही असे समजावे. तो डायलॉग काढून त्या जागी ‘परत आणा’ द्यावे. मात्र काढण्यापूर्वी पुसलेली नोंद तिच्या वजनासह, उचलीच्या वजावटीसह आणि मूळ क्रमांकासह खरोखर परत येते का, हे चाचणीच्या डेटाबेसवर दिवाणजींकडूनच करवून घ्यावे.